दुसऱ्या देशात, दुसऱ्यांदा डॉक्टर

मार्च १९३९च्या मध्यावर डॉ. लुडविग गुटमन पत्नी एल्झे, मुलगा डेनिस आणि सहा वर्षांची मुलगी इव्हा यांना घेऊन इंग्लंडमधील ऑक्सफर्डला पोहोचले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांतील जर्मनीतल्या नामांकित तज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होत होती. एका मोठ्या रुग्णालयाचा कारभार त्यांनी सांभाळला होता. ऑक्सफर्डला पोहोचले तेव्हा मात्र त्यांच्या नावावर संशोधनासाठी मिळालेले २५० पौंडांचे अनुदान एवढेच होते. रुग्णांवर स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करण्याची मुभा नव्हती, परदेशी पदवीला स्थानिक मान्यता नव्हती आणि राहायला स्वतःचे घरही नव्हते. पुढे याच माणसाने कमरेखालच्या पक्षाघातावरील उपचारांची दिशा बदलली आणि पॅरालिम्पिक स्पर्धांचा पाया घातला.

खाणीतला रुग्ण

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी अप्पर सायलेशियातील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा जर्मनीत होता, आता पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सह्युटे या कोळसा खाणींच्या गावी राहायला गेले. पहिले महायुद्ध चालू असताना १९१७मध्ये, वैद्यकीय शिक्षण सुरू होण्याआधीच, गुटमन तेथील अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागले.

तेथे एक तरणाबांड खाणकामगार दाखल झाला. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. डॉक्टरांनी मणके ओढून सरळ केले, त्याला प्लास्टरमध्ये बांधले आणि इतर रुग्णांपासून वेगळे ठेवले. गुटमन त्याच्या नोंदी लिहू लागले, तेव्हा फार लिहिण्याची गरज नाही, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे त्यांना सांगण्यात आले. झालेही तसेच. सुमारे पाच आठवड्यांत लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या जखमा यांमुळे तो दगावला. अशा रुग्णांचे हेच होणार, असे त्या काळी सर्वत्र गृहीत धरले जात असे.

१९१८मध्ये गुटमन यांनी ब्रेसलाऊ येथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले. पोलंडमधील आजचे व्रोत्स्वाफ ते हेच शहर. १९२४मध्ये त्यांना एम.डी. मिळाली. नोकरी शोधताना त्यांना मुलांच्या आजारांच्या विभागात जायचे होते, पण तेथे जागा नव्हती. जागा होती ती ओटफ्रिड फर्स्टर यांच्या विभागात. फर्स्टर हे त्या काळातले युरोपातले मोठे मज्जासंस्थातज्ज्ञ. आजारी लेनिनवर उपचार करण्यासाठीही त्यांना बोलावले गेले होते. शस्त्रक्रियाही ते स्वतःच करत. या कडक शिस्तीच्या गुरूच्या हाताखाली गुटमन तयार झाले. मध्ये वर्षभर हॅम्बुर्गला काम करून ते १९२९मध्ये फर्स्टर यांचे प्रथम साहाय्यक म्हणून ब्रेसलाऊला परतले.

परवाना गेला

१९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू डॉक्टरांना सरकारी आणि विद्यापीठाच्या रुग्णालयांतून काढण्याचे कायदे झाले आणि गुटमन यांची नोकरी गेली. ते शहरातील ज्यू रुग्णालयात मज्जासंस्था विभागाचे प्रमुख झाले आणि १९३७मध्ये संपूर्ण रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक. देश सोडण्याचा पर्याय तेव्हाही होता, पण ही राजवट फार काळ टिकणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाज चुकला. सप्टेंबर १९३८अखेर जर्मनीतील ज्यू डॉक्टरांचे परवानेच रद्द झाले. मोजक्या जणांना फक्त ज्यू रुग्णांवर उपचार करण्याची परवानगी उरली आणि त्यांना डॉक्टर म्हणवून घेण्याचीही बंदी झाली.

९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळण्यात आली. हजारो पुरुषांना पकडून छळछावण्यांत पाठवण्यात आले. त्या रात्री रुग्णालयाच्या दाराशी येईल त्या प्रत्येक पुरुषाला काहीही न विचारता दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमन यांनी दिला. ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलिसांचे अधिकारी जाब विचारायला आले. गुटमन त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येक माणसाला कोणता ना कोणता गंभीर आजार असल्याचे सांगत राहिले. ६४ पैकी ६० जण त्या दिवशी वाचले.

यानंतर थोड्याच दिवसांत एक विचित्र संधी चालून आली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासण्यासाठी गुटमन यांना लिस्बनला पाठवण्याचे जर्मन सरकारने ठरवले. एरवी जप्त असलेला पासपोर्ट त्यासाठी परत देण्यात आला. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. नाझींनी नोकरीवरून काढलेल्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना मदत करण्यासाठी १९३३पासून ब्रिटनमध्ये एक संस्था काम करत होती. शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड तिचे पहिले अध्यक्ष होते. या संस्थेने गुटमन यांच्यासाठी अनुदानाची आणि ऑक्सफर्डमध्ये संशोधनाच्या जागेची व्यवस्था केली. ते जर्मनीला परतले, घरच्यांना घेतले आणि कायमचे निघाले.

रुग्णाविना डॉक्टर

ऑक्सफर्डमध्ये पहिले काही आठवडे हे कुटुंब बॅलिओल कॉलेजच्या प्रमुखांच्या घरी राहिले आणि मग एका लहानशा घरात गेले. रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात ह्यू केर्न्स यांच्या मेंदू शस्त्रक्रिया विभागात गुटमन यांना संशोधनासाठी जागा मिळाली. जर्मनीत ते स्वतः शस्त्रक्रिया करत होते. येथे इतरांचे काम पाहायचे आणि प्रयोगशाळेत सशांवर प्रयोग करायचे, अशी वेळ आली. इंग्रजीवर अजून पकड नव्हती.

परदेशी डॉक्टरांना सरसकट परवाने देण्यास ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मनीतून आलेला प्रत्येक माणूस कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. मग तो हिटलरपासून पळून आलेला का असेना. पुढे युद्धात डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा कुठे १९४१मध्ये परदेशी डॉक्टरांच्या तात्पुरत्या नोंदणीची सोय झाली.

या काळात गुटमन यांनी हाती होते ते काम नेटाने केले. हातापायांच्या नसा तुटल्यावर त्या पुन्हा कशा आणि किती वेगाने वाढतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्वचेवर एक रंगीत पूड लावून घामाची चाचणी करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. घाम येतो तेथे पुडीचा रंग बदलतो. नस तुटलेली असेल, त्या भागात घाम येत नाही आणि पूड तशीच राहते. नस कोठे तुटली आहे आणि ती भरून येते आहे का, हे रुग्णाला न दुखवता कळू लागले. युद्धातल्या जखमींसाठी ही चाचणी फार उपयोगाची होती.

त्याच रुग्णालयात १९४१च्या सुरुवातीला पेनिसिलिन प्रथमच एका गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णाला देण्यात आले. ते औषध तयार करणाऱ्या गटातील अर्न्स्ट चेन हेही जर्मनीतून आलेले ज्यू निर्वासितच होते. युद्धकाळातल्या ब्रिटिश वैद्यकशास्त्राला अशा कितीतरी माणसांचा हातभार लागला.

त्याच वर्षी मज्जारज्जूच्या दुखापतींवर काय उपचार होतात, याचा आढावा घेण्याचे काम गुटमन यांच्याकडे आले. त्यांनी जगभरातले लेखन चाळले. हाती आलेले चित्र निराशाजनक होते. पहिल्या महायुद्धात अशी दुखापत झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के दगावले होते. जे जगले, ते अपंगांच्या आश्रमांत अंथरुणाला खिळून राहिले. ही दुखापत बरी होत नाही हे खरे, पण मृत्यू दुखापतीमुळे येत नाही. तो नंतरच्या दुर्लक्षामुळे येतो आणि तो टाळता येतो, असे गुटमन यांचे मत बनले.

कोणालाच नको असलेला वॉर्ड

दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या किनाऱ्यावर मोठी चढाई करायची तयारी चालू होती. पाठीच्या कण्याला जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे स्पष्ट होते. १९४३मध्ये मज्जासंस्थातज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारने गुटमन यांना अशा रुग्णांचे केंद्र चालवण्याबाबत विचारले. हे काम मानाचे नव्हते. बरे न होणारे रुग्ण सांभाळण्यात नाव कमावण्यासारखे काही आहे, असे फारच थोड्या डॉक्टरांना वाटत असे. मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने अशा कामात स्वतःला अडकवून घ्यावे, याचे सहकाऱ्यांना नवल वाटले. गुटमन यांनी होकार दिला, पण एका अटीवर. उपचार आपल्या पद्धतीने होतील आणि त्यात कोणी ढवळाढवळ करणार नाही.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशायरमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले. दोन डझनांच्या आसपास खाटा, एक रुग्ण आणि मोजकी माणसे एवढाच पसारा. पुढे जूनमध्ये नॉर्मंडीची चढाई झाली आणि खाटा भरू लागल्या. लांबून आलेले रुग्ण प्लास्टरमध्ये जखडलेले असत. प्लास्टर काढले की आत हाडापर्यंत गेलेल्या जखमा दिसत.

या जखमा का होतात, हे समजण्यासारखे आहे. निरोगी माणूस झोपेतही सतत कूस बदलतो. एकाच जागी दाब पडला की त्वचेला रक्त कमी मिळते, तेथे कळ येते आणि शरीर आपोआप हलते. मज्जारज्जू तुटलेल्या माणसापर्यंत ही कळ पोहोचत नाही आणि पोहोचली तरी त्याला हलता येत नाही. माकडहाड, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चिरडत राहते आणि काही तासांतच मरू लागते. प्लास्टरने हा दाब आणखी वाढत असे.

गुटमन यांचा पहिला उपाय म्हणजे प्लास्टर काढून टाकणे. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, कुशीवर वळवणे. त्यासाठी त्यांनी परिचारिका आणि वॉर्डातील मदतनिसांची पथके नेमली. त्यात कोणी चुकारपणा करू नये म्हणून ते स्वतः मध्यरात्री वॉर्डात येऊन उभे राहत.

तिसरा उपाय लघवीच्या मार्गासंबंधीचा. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर मूत्राशय रिकामे होत नाही. त्या काळी ओटीपोटाला छेद देऊन कायमची नळी बसवत. त्या नळीवाटे जंतू आत शिरत, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावत असे. गुटमन यांनी ठराविक वेळाने निर्जंतुक नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी लगेच काढून घ्यायची, ही पद्धत पद्धतशीरपणे राबवली. हे काम कमी दर्जाचे मानून इतरांवर न ढकलता डॉक्टरांनीच हातमोजे आणि मास्क लावून करायचे, असा त्यांचा नियम होता. या पद्धतीचे अनेक वर्षांचे निष्कर्ष त्यांनी सहकारी हान्स फ्रँकेल यांच्यासह १९६६मध्ये प्रसिद्ध केले.

यात कोणतेही चमत्कारी औषध नव्हते. पेनिसिलिनसारख्या नव्या औषधांची मदत झाली, पण मुख्य भर होता तो रोजच्या, न कंटाळता केलेल्या काळजीवर. जे रुग्ण काही आठवड्यांचे सोबती मानले जात, ते वर्षानुवर्षे जगू लागले.

गुटमन मवाळ नव्हते. त्यांचा आवाज मोठा, स्वभाव तापट आणि हुकूम मोडलेला त्यांना खपत नसे. परिचारिकांशी, प्रशासनाशी, कधी रुग्णांशीही त्यांचे खटके उडत. मरणाची वाट पाहत पडलेल्या तरुणाला सकाळी उठवून कामाला लावणारा हा परदेशी उच्चारांचा डॉक्टर सुरुवातीला अनेकांना नकोसा वाटे. पुढे तेच रुग्ण त्यांना प्रेमाने पॉपा म्हणू लागले.

धनुष्यबाण आणि मैदान

रुग्ण जगला, आता पुढे काय, हा प्रश्न गुटमन यांना लगेच पडला. नुसते जगवून खाटेवर ठेवायचे, तर उपचार अर्धवटच राहिले. रुग्णालयात सुतारकाम आणि घड्याळ दुरुस्ती शिकवली जाऊ लागली. बाहेर पडणाऱ्या माणसाने कमवावे, कर भरावा, घर चालवावे, असा त्यांचा आग्रह होता.

त्याच्या जोडीला खेळ आले. प्रथम व्हीलचेअरवर बसून पोलो. तो फारच धसमुसळा ठरल्याने बंद केला आणि बास्केटबॉलसारखे खेळ सुरू केले. टेबल टेनिस, पोहणे आणि तिरंदाजीही आली. तिरंदाजीवर त्यांचा विशेष भर होता आणि त्यामागे वैद्यकीय कारण होते. धनुष्य ताणताना खांदे, दंड आणि पाठीचे स्नायू बळकट होतात. बसल्या बसल्या तोल सांभाळण्याची सवय लागते. व्हीलचेअरवरून वावरणाऱ्या माणसाला याच दोन गोष्टींची सर्वाधिक गरज असते. शिवाय या खेळात तो धडधाकट माणसाशी बरोबरीने लढू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ माजी सैनिकांची व्हीलचेअरवरील तिरंदाजी स्पर्धा झाली. १९५२मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६०मध्ये रोमला ऑलिम्पिकनंतर काही दिवसांतच २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आज तीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. सुरुवातीला या स्पर्धा मज्जारज्जूच्या दुखापतींपुरत्या होत्या. १९७६च्या टोरांटो स्पर्धेत हातपाय गमावलेल्या आणि अंध खेळाडूंनाही प्रवेश मिळाला.

१९७२ची स्पर्धा जर्मनीत, हायडेलबर्ग येथे झाली. ज्या देशाने गुटमन यांचा परवाना काढून घेतला होता, तेथेच त्यांनी सुरू केलेला खेळ भरला. तेथे जलतरणात ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक एका मराठी माणसाने पटकावले. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करी जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले होते. भारताचे पॅरालिम्पिकमधील ते पहिले सुवर्णपदक.

मागे राहिलेले काम

गुटमन यांना १९४५मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. १९६६मध्ये 'सर' हा किताब मिळाला, तर १९७६मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मज्जारज्जूच्या दुखापतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९७३मध्ये आला. त्यांच्या केंद्रात शिकलेले डॉक्टर जगभर गेले आणि त्यांनी अशीच केंद्रे उभारली. १८ मार्च १९८० रोजी, ८०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१२मध्ये लंडनला पॅरालिम्पिक झाली, तेव्हा खेळाडूंच्या वसाहतीचे महापौरपद त्यांची कन्या इव्हा यांना देण्यात आले.

स्थलांतर केलेल्या डॉक्टरच्या हातून काय सुटते आणि काय उरते, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. पद गेले, परवाना गेला, भाषा गेली, शस्त्रक्रियेची खोली गेली. फर्स्टर यांच्याकडे मिळालेली मज्जासंस्थेची खोल जाण आणि प्रत्येक रुग्ण स्वतः तपासण्याची सवय मात्र सोबत आली. नव्या देशात जुनीच खुर्ची मिळेल, याची वाट पाहत ते बसले नाहीत. स्थानिक डॉक्टरांना नको असलेले काम त्यांनी घेतले आणि त्यातच आपले सगळे ज्ञान ओतले. त्यांना ती संधी मिळाली, यात अनुदान देणाऱ्या संस्थेचा, जागा देणाऱ्या केर्न्स यांचा आणि विश्वास टाकणाऱ्या रिडॉक यांचाही वाटा होता. परवान्याच्या नियमांत अडकून पडलेल्या, आयुष्यभर पुन्हा डॉक्टर होऊ न शकलेल्या निर्वासितांची संख्याही मोठी होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात आज दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगत आहेत. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही त्यामागची मोठी कारणे. जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला असलेले पुनर्वसन केंद्र किंवा मुंबईत हाजी अली येथील राष्ट्रीय संस्था, अशा ठिकाणी अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम चालते. तपासण्या आणि शस्त्रक्रिया खूप पुढे गेल्या असल्या, तरी घरी आलेल्या रुग्णाची काळजी अजूनही त्याच जुन्या नियमांवर उभी आहे. ठरल्या वेळी कूस बदलणे, त्वचा रोज तपासणे, मूत्राशय वेळेवर आणि स्वच्छतेने रिकामे करणे, हातखांद्यांचा व्यायाम चुकू न देणे आणि रुग्णाला लवकरात लवकर एखाद्या कामात गुंतवणे. यातली एकही गोष्ट महाग नाही. पण ती रोज करावी लागते आणि एखाद्या रात्री चुकली तर होणारी जखम भरायला महिने लागू शकतात.